पहिला टीव्ही रेकॉर्डर घ्यायचाय (सोलापूर): कोणता घ्यावा आणि एकूण खर्च किती धरावा?

रश्मी_साखरपेठ

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात टीव्हीवरचं कुणालाच वेळेवर बघायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

अप्पा यंत्रमागावर रात्रपाळीला असतात. संध्याकाळी सातला घर सोडतात, सकाळी येऊन झोपतात. त्यांना मराठी मालिका एक-दोनच आवडतात, पण मॅच आणि सह्याद्रीवरचं कीर्तन जीव की प्राण. आई घरी विड्या वळते. सकाळी माल द्यायला कारखान्यात, संध्याकाळी स्वयंपाक, त्यामुळे तिच्या तेलुगू मालिका अर्ध्याच राहतात. आजी मराठी-तेलुगू दोन्ही बघते. धाकटा भाऊ मात्र रिमोट सोडत नाही.

टीव्ही ३२ इंची आहे, स्मार्ट नाही. एचडीएमआयची दोन भोकं, एक यूएसबी आणि पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जागा आहे. सध्या केबलचा डबा आहे, त्यात रेकॉर्डिंग नाही.

एकदाचा खर्च ७,००० रुपयांपर्यंत करू शकते. महिन्याला ३०० ते ३५०, त्यापुढे नाही. रेकॉर्डर नावाची वस्तू आमच्या घरात आजवर आलेली नाही, त्यामुळे अगदी पहिल्यापासून सांगा. नुसता डबा घेतला की झालं, की आणखी काही लागतं?

---

डिशवाले_काका

रश्मीताई, दुकानात जायच्या आधी घरी बसून एक कागद करा. प्रत्येकाला कुठली वाहिनी रेकॉर्ड करायची आहे ते नावासकट लिहा. डबा, डिस्क, कंपनी हे सगळं त्या कागदावरून ठरतं. लोक उलटं करतात, आधी डबा आणतात आणि मग त्यावर हवी ती वाहिनीच येत नाही म्हणून बसतात.

रेकॉर्डिंगचे डबे मोटामोटी तीन जातींचे.

पहिला, पोटातच हार्डडिस्क असलेला डीटीएचचा डबा. आपल्याकडे टाटा स्कायने २००८ मध्ये प्लस नावाने आणला होता (कंपनीचं नाव २०२२ पासून टाटा प्ले). यात दोन ट्यूनर (वाहिनी पकडणारे भाग) असतात. एक वाहिनी रेकॉर्ड होत असताना दुसरी बघता येते. सोय सगळ्यात चांगली, किंमतही सगळ्यात जास्त.

दुसरा, साधा एचडी डीटीएच डबा ज्याला मागून यूएसबी डिस्क लावली की रेकॉर्डिंग होतं. डबा स्वस्त पडतो, डिस्क आपली. पण बहुतेकांत ट्यूनर एकच. म्हणजे जी वाहिनी रेकॉर्ड होतेय तीच पडद्यावर. घरात भांडण लागतं ते इथंच.

तिसरा, डीडी फ्री डिशसाठी बाजारात मिळणारा सुटा डबा. महिन्याचं भाडं शून्य. पेन ड्राइव्हवरसुद्धा रेकॉर्ड होतं. पण यावर दिसतं ते फक्त फुकट वाहिन्यांचं. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यावर नाहीत. तेलुगूत डीडी यादगिरी आणि सप्तगिरी मिळेल, ईटीव्ही, जेमिनी, स्टार मा मिळणार नाही.

आधी यादी टाका, मग पुढं बोलू.

---

होटगीरोड_नील

मला खरंच वाटतं की २०२५ नंतर रेकॉर्डर घेणं पैसे अडकवणं आहे. सगळ्या मालिका ॲपवर आहेत. ७,००० मध्ये टीव्हीला लावायची एक स्टिक आणि वर्षाचं नेट येईल. सह्याद्रीचं बरंचसं यूट्यूबवर फुकट असतं. निदान तेवढं तरी आधी तपासून बघा.

---

रश्मी_साखरपेठ

नील, तपासलं. अडचण अशी आहे की घरात ब्रॉडबँड नाही, भावाच्या मोबाइलचा डेटा आहे आणि तो भावाबरोबर बाहेर जातो. दुसरं म्हणजे मराठीसाठी एक ॲप, ईटीव्हीसाठी दुसरं, जेमिनीसाठी तिसरं. प्रत्येकाचं वेगळं वर्गणीचं पान, वेगळा पासवर्ड. आई आणि आजी रिमोटवरची चार बटणं व्यवस्थित वापरतात, त्यांना त्यातच राहू द्यायचं आहे.

काका, यादी:
आई – ईटीव्ही तेलुगू, जेमिनी, स्टार मा
आजी – स्टार प्रवाह, झी मराठी
अप्पा – सह्याद्री, डीडी स्पोर्ट्स, कलर्स मराठीवरची एक मालिका
भाऊ – जे लागेल ते, त्याला रेकॉर्डिंग नको

---

हिशेबनीस

नील यांचा मुद्दा ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांच्यासाठी अगदी बरोबर आहे. इथं ब्रॉडबँडचं महिन्याचं बिल आणि तीन वर्गण्या धरल्या तर ३५० च्या आत बसणं कठीण.

रश्मीताई, आता खर्चाकडे. यात दोन वेगळ्या वह्या करा, एक एकदाच्या खर्चाची आणि एक महिन्याची. डबा घेताना महिन्याची वही कुणी उघडत नाही आणि खरा पैसा तिथूनच जातो.

महिन्याचा हिशेब असा. नेटवर्क कपॅसिटी फी म्हणून जी रक्कम कापतात ती २०१९ च्या नव्या दरपद्धतीत १३० रुपयांवर बांधलेली होती. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. २०२४ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामक संस्थेने) ही वरची मर्यादा काढली, त्यामुळे कंपनीगणिक आकडा विचारून घ्यायचा. त्यावर वाहिन्या. बुकेत (कंपनीच्या वाहिन्यांच्या एकत्र जुडीत) टाकायची असेल तर वाहिनीची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर ठेवता येत नाही, म्हणून प्रत्येक पैशाची वाहिनी १९ धरून चला, काही कमीच निघतील. तुमच्या यादीत पैशाच्या सहा आहेत: ईटीव्ही, जेमिनी, स्टार मा, स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी. सहा गुणिले १९ म्हणजे ११४, जीएसटी धरून १३४ रुपये ५२ पैसे. एकूण २८७ रुपये ९२ पैसे.

म्हणजे तुमच्या ३०० मध्ये बसतंय, पण एकाच अटीवर. दुकानदार जे 'महाराष्ट्र पॅक' पुढं करेल ते घ्यायचं नाही. त्यात तुम्हाला नको असलेल्या हिंदी वाहिन्या भरलेल्या असतात आणि तेलुगूसाठी वर वेगळं पॅक लावावं लागतं. सुट्या वाहिन्या निवडायचा हक्क ग्राहकाला आहे. एकेक नाव सांगून निवडायचं, मग पॅकशी ताडून बघायचं. कधी कधी छोटं तेलुगू बुके सुट्या तिघींपेक्षा स्वस्त पडतं, तेव्हा ते घ्यायचं.

---

मंगळवेढेकर

अप्पांच्या यादीतल्या डीडी स्पोर्ट्सबद्दल लिहितो, कारण हे फार जणांना माहीत नसतं.

भारताच्या महत्त्वाच्या मॅचचं प्रक्षेपण खासगी वाहिनीने प्रसार भारतीला द्यायचं, असा २००७ चा कायदा आहे. पण २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते चित्र दूरदर्शनला फक्त स्वतःच्या मनोऱ्यांवरून साध्या अँटेनाला मिळणाऱ्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दाखवता येतं. केबल किंवा खासगी डीटीएचवरच्या डीडी स्पोर्ट्सवर त्या वेळी मॅच नसते. म्हणून अप्पांना मॅच रेकॉर्ड करून हवी असेल तर हजारो रुपयांचा डीटीएच रेकॉर्डर उपयोगाचा नाही, फ्री डिशचा साधा डबाच हवा. नाहीतर खेळाच्या पैशाच्या वाहिन्या घ्या, आणि मग तुमचा ३५० चा आकडा विसरा.

आमच्या घरी फ्री डिशच आहे आणि वडिलांसाठी मी त्यावर रेकॉर्डिंग लावतो. आषाढीची शासकीय महापूजा सह्याद्रीवर मध्यरात्रीनंतर सुरू होते. त्या वयात जागरण झेपत नाही, सकाळी अंघोळ करून हात जोडून बघतात. टायमर लावताना एक काळजी घ्यायची: रात्री बारानंतर तारीख बदलते, म्हणून दशमीची नाही, एकादशीची तारीख टाकायची.

---

डिशवाले_काका

मंगळवेढेकर, हे फार कामाचं लिहिलंत.

यादी बघून माझं मत: दोन डबे. ऐकायला जास्त वाटेल, पण नीट ऐका.

दोन ट्यूनरचा महागडा डबा तुमच्या ७,००० मधला मोठा घास घेईल. त्याला डिशवर दोन तोंडांचा एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) लागतो आणि तिथून दोन स्वतंत्र वायरी खाली आणाव्या लागतात. एकाच वायरीला स्प्लिटर लावून भागत नाही. डबा एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून उभ्या की आडव्या ध्रुवणाच्या वाहिन्या हव्यात ते सांगतो. त्यावर २२ किलोहर्ट्झचा टोन असला तर वरचा पट्टा, नसला तर खालचा. एका वायरीवर दोन ट्यूनरनी दोन वेगळे हुकूम पाठवले तर एलएनबी दोन्ही पाळू शकत नाही. म्हणून दोन ट्यूनर म्हणजे दोन वायरी, आणि तो खर्च कोटेशनमध्ये कुणी दाखवत नाही.

त्याऐवजी यूएसबी रेकॉर्डिंगचा साधा एचडी डीटीएच डबा घ्या, तो पैशाच्या सहा वाहिन्यांसाठी. आणि एक फ्री डिशचा डबा. डीटीएचवर आईची मालिका रेकॉर्ड होत असताना भाऊ आणि आजी फ्री डिशवर बातम्या, सिनेमा, सह्याद्री बघतील. मॅच असेल तेव्हा उलट: फ्री डिश रेकॉर्ड करेल, घरचे डीटीएच बघतील. एका एचडीएमआयवर एक, दुसऱ्यावर दुसरा. रिमोटवर 'सोर्स' बटण दाबायचं, एवढंच शिकवायचं. केबल बंद करून टाका.

तोटा काय तो पण सांगतो. डीटीएचचा ट्यूनर एकच असल्याने एकाच वेळेला आईची तेलुगू आणि अप्पांची मराठी मालिका रेकॉर्ड होणार नाही. पण मालिकांचं पुनःप्रक्षेपण रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी असतं. टायमर त्याला लावायचा. मशीनला दुपारी तीन काय आणि रात्री दोन काय.

---

कन्नाचौक_सतीश

काकांचा सल्ला पटला तरी माझा कल पोटात डिस्क असलेल्या डब्याकडेच राहील. अख्ख्या मालिकेचं रेकॉर्डिंग एकदा लावलं की रोज आपोआप होतं, वेळ थोडी हलली तरी डबा धरतो. स्वस्त डब्यात रोज वेळ मारून द्यावी लागते. घरात म्हातारी माणसं असतील तर ही सोय पैशापेक्षा मोठी.

---

डिशवाले_काका

सतीशराव, खरं आहे. बजेट १०,००० च्या पुढं असतं तर मीही तेच म्हणालो असतो. ७,००० मध्ये ते घेतलं तर यूपीएसला आणि वायरीला पैसे उरत नाहीत, आणि सोलापुरात यूपीएस नसलेला रेकॉर्डर म्हणजे अर्धा रेकॉर्डर.

---

एमआयडीसी_अक्कलकोटरोड

यूपीएसचा विषय निघालाच आहे तर माझं क्षेत्र म्हणून सविस्तर लिहितो.

टीव्ही बंद असला तरी रेकॉर्डिंग होतं. डबा मात्र भिंतीवरच्या बटणावरून बंद करायचा नाही, रिमोटने स्टँडबायला ठेवायचा. आपल्याकडे रात्री झोपताना मेन बटण खटकन बंद करायची सवय असते, विशेषतः मोठ्या माणसांना. त्या बटणावर चिकटपट्टी लावा. वीज किती खाईल? १२ वॅटचा डबा महिनाभर चोवीस तास चालू धरला तर साडेआठ-पावणेनऊ युनिट. दोन डबे म्हणजे साधारण १७ युनिट. हेही महिन्याच्या वहीत लिहा.

आता वीज गेली तर. नुसता एक झटका आला तरी चालू रेकॉर्डिंग तुटतं, आणि बरेच डबे परत वीज आल्यावर स्वतःच्या जाहिरातीच्या वाहिनीवर उघडतात, पुढचं रेकॉर्ड करत नाहीत. डिस्क लिहीत असताना वीज गेली की फाइलही बिघडू शकते. पूर्ण इन्व्हर्टर लागत नाही. राउटरसाठी मिळतो तो छोटा १२ व्होल्टचा यूपीएस पुरतो. फक्त डब्याच्या अडॅप्टरवर छापलेलं वाचून जा: १२ व्होल्टच आहे ना, आणि अँपिअर किती. डिस्क डब्यातूनच करंट घेणार, म्हणून यूपीएसची क्षमता छापलेल्या अँपिअरपेक्षा थोडी वरचीच घ्या. अडॅप्टर १२ व्होल्टचा नसेल तर हा यूपीएस लावायचाच नाही.

उष्णता. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतोच, पत्र्याच्या खोलीत आत त्याहून जास्त. टीव्हीखालच्या बंद कपाटात डबा, डबा झाकलेला क्रोशाच्या रुमालाने आणि वर डिस्क, अशी मांडणी मी बऱ्याच घरांत बघतो. डिस्क गेली की रेकॉर्डिंग गेलं. दोन्ही बाजूंना हवा खेळेल असं उघड्यावर ठेवा, डिस्क डब्यावर नको, बाजूला.

आणि एक खास आपल्या पूर्व भागासाठी. घराला लागून माग चालत असतील तर भिंत आणि फडताळ सतत थरथरतं. फिरत्या हार्डडिस्कला ते सोसत नाही. खाली रबराचा जाड तुकडा घाला, किंवा छोटी एसएसडी घ्या, तिच्यात फिरणारं काही नसतं.

---

रश्मी_साखरपेठ

मागच्या भिंतीला लागूनच माग आहेत! हे कुणीच सांगितलं नसतं. मनापासून आभार.

डिस्क किती मोठी घेऊ? दुकानात २ टीबीची सांगत होते, 'नंतर पुरत नाही' म्हणून.

---

हिशेबनीस

२ टीबी अजिबात नको.

हिशेब सोपा आहे. १ एमबीपीएसचं (सेकंदाला दहा लाख बिट) प्रक्षेपण एक तास रेकॉर्ड केलं की ४५० एमबी होतात. साधी एसडी वाहिनी २ ते ३ एमबीपीएसच्या आसपास चालते, म्हणजे तासाला १ ते दीड जीबी. एचडी वाहिनी ८ एमबीपीएस धरली तर तासाला ३.६ जीबी. तुमच्या सहाच्या सहा वाहिन्या एसडीच घ्या, ३२ इंचावर चालून जातं आणि एसडीची वर्गणीही सहसा कमी असते.

समजा रोज अर्ध्या तासाच्या चार मालिका, आठवड्याचे सहा दिवस. १२ तास, म्हणजे जास्तीत जास्त १८ जीबी. २५० जीबीमध्ये तीन महिने काही न पुसता जातील. आणि मालिका बघितली की पुसायचीच असते. कुणी जुना लॅपटॉप मोडीत काढला असेल तर त्यातली डिस्क काढून यूएसबीच्या केसमध्ये घाला, तीनशे-चारशेची केस. डिस्कमधले लग्नाचे फोटो वगैरे आधी काढून ठेवा, कारण डीटीएचचा डबा डिस्क लावल्या लावल्या फॉरमॅट मागतो आणि सगळं पुसून टाकतो.

पेन ड्राइव्ह मालिकेसाठी वापरू नका. सतत लिहिण्याचा वेग स्वस्त पेन ड्राइव्हला जमत नाही, चित्र अडकतं. फ्री डिशवर अधूनमधून एखादं कीर्तन घ्यायला ठीक. तिथं फाइल ४ जीबीला तुटून दुसरी सुरू झाली तर घाबरू नका, एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर एक फाइल त्याहून मोठी होत नाही.

---

जुळेसोलापूर_गुरुजी

रश्मीताईंनी निर्णय घेण्याआधी एक गोष्ट स्पष्ट असावी म्हणून लिहितो.

डीटीएचच्या डब्यावर रेकॉर्ड केलेलं 'तुमचं' नसतं. फाइल कुलूपबंद असते, ती त्याच डब्यावर चालते. डिस्क संगणकाला लावली तर काही दिसत नाही. डबा बिघडून बदलून मिळाला तर जुनी रेकॉर्डिंगं नव्यावर उघडत नाहीत. आमच्याकडे रिचार्ज संपलं तेव्हा आधीचं साठवलेलंही उघडेना. म्हणून मालिकेसाठी डीटीएच ठीक. जपून ठेवायचं ते फ्री डिशच्या डब्यावर घ्यावं: तिथं साधी टीएस नावाची व्हिडिओ फाइल तयार होते आणि संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये चालते.

मी पूर्वी व्हीसीआरवर रेकॉर्ड करत असे. १८० मिनिटांची कॅसेट, त्यावर शाळेच्या मुलांसाठी विज्ञानाचे कार्यक्रम. तेव्हा केबलची वायर सरळ व्हीसीआरला जायची, वाहिनी व्हीसीआरच पकडायचा. डिजिटल केबलच्या दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरांत सोलापूर होतं, मुदत ३१ मार्च २०१३. डबा मध्ये आला आणि वाहिनी निवडणं व्हीसीआरच्या हातून गेलं. त्या कॅसेटी अजून आहेत आणि चालतात. म्हणून जपण्याजोगं काय आणि बघून पुसण्याजोगं काय हे वेगळं करा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

रेकॉर्ड केलेलं घरापुरतंच ठेवावं, यूट्यूबवर वगैरे चढवू नये, हे वेगळं सांगायला नको.

---

बाळे_प्रसाद

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हाच घोळ आहे.

---

रश्मी_साखरपेठ

काल नवी पेठेत जाऊन आले. मला सांगितलेले भाव लिहिते, दुकानागणिक फरक असेल.

डीटीएच एचडी डबा, डिश, फिटिंग, पहिल्या महिन्याचं रिचार्ज धरून २,३००. फ्री डिशचा रेकॉर्डिंगवाला डबा, डिश आणि फिटिंग १,६००. छोटा यूपीएस १,४००. मामेभावाकडे जुन्या लॅपटॉपची ३२० जीबी डिस्क आहे, केस ३५०. बेरीज ५,६५०.

डीटीएचवाला म्हणाला, 'रेकॉर्डिंग आहे की, यूएसबी दिलंय ना मागं.' एवढ्यावर विश्वास ठेवू का?

---

डिशवाले_काका

नाही. यूएसबीचं भोक आहे म्हणजे रेकॉर्डिंग आहे असं नव्हे. काही डब्यांत ते नुसतं सॉफ्टवेअर भरायला किंवा फोटो बघायला असतं. डिस्क पिशवीत घालून दुकानात न्या. दुकानात चालू असलेल्या डब्याला लावायला सांगा आणि पैशाच्या वाहिनीवर दहा मिनिटं रेकॉर्ड करून, ते परत चालवून, पुढं पळवून बघा. मग टायमर लावून डबा स्टँडबायला टाका आणि तो स्वतः उठून रेकॉर्ड करतो का ते बघा. एवढं बघू देत नसेल तर दुसरं दुकान.

तीन गोष्टी तोंडी नाही, पावतीवर मागा. रेकॉर्डिंग सुरू करायला वेगळे पैसे आहेत का, एकदाच की दरमहा. डबा विकत दिलाय की वापरायला दिलाय, कारण कनेक्शन बंद करताना तो परत मागतात की नाही हे त्यावर ठरतं. आणि वॉरंटी किती, घरी येऊन बघायचे पैसे किती.

फ्री डिशचा डबा घेताना 'एमपेग-४, डीव्हीबी-एस२' असं लिहिलेलाच घ्या. जुना एमपेग-२ चा डबा शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त मिळेल, पण नव्या पद्धतीने येणाऱ्या वाहिन्या त्यावर लागत नाहीत. त्यावरच्या खासगी मराठी वाहिन्या लिलावाप्रमाणे येतात-जातात, त्यामुळे आज दिसते म्हणून एखाद्या खासगी वाहिनीच्या भरवशावर राहू नका. दूरदर्शनच्या मात्र राहतात.

---

मंगळवेढेकर

फ्री डिशच्या डब्यावर घड्याळ तपासा. स्वस्त डब्यांत टाइम झोन साडेपाच तास पुढं करावा लागतो, नाहीतर टायमर भलत्याच वेळी चालतो. कार्यक्रमाच्या आधी पाच मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं जास्त धरा. मॅचला नंतरचा एक तास. षटकं लांबतात, पाऊस येतो, आणि नेमकं शेवटचं षटक राहून गेलं तर अप्पांना वाईट वाटेल.

---

एमआयडीसी_अक्कलकोटरोड

यूएसबीचा करंट राहिला होता. जुन्या पद्धतीच्या यूएसबी भोकातून ५०० मिलीअँपिअर मिळतात, लॅपटॉपची फिरती डिस्क सुरू होताना कधी त्याहून जास्त ओढते. डिस्क टक-टक आवाज करून बंद पडत असेल तर ती खराबच असेल असं नाही, उपाशी असू शकते. दोन यूएसबी पिनांची वाय वायर मिळते, दुसरी पिन मोबाइलच्या चार्जरला लावा. तो चार्जर यूपीएसवर येत नाही हे लक्षात ठेवा, किंवा यूएसबी आउटपुट असलेला यूपीएस घ्या.

---

रश्मी_साखरपेठ

ठरलं. काकांनी सांगितलेले दोन डबे, मामेभावाची डिस्क, यूएसबी आउटपुटवाला यूपीएस. ५,६५० आणि वाय वायर वगैरे धरून ६,००० च्या आत राहील. उरलेले १,००० डिस्क गेली तर म्हणून बाजूला ठेवणार. केबल महिनाअखेर बंद, म्हणजे दोन बिलं होणार नाहीत.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, आधी आजीचं लाव, माझं दुपारचं परत लागतंच.

शेवटचा प्रश्न. दोन डिश कुठं लावू? घराला पुढच्या बाजूला पत्रा आहे, मागं मागाची भिंत, आणि पूर्वेला शेजाऱ्यांचं दोन मजली घर.

---

डिशवाले_काका

पत्र्यावर नको आणि मागाच्या भिंतीवरही नको. थरथरीने नट सैल होतात, महिनाभरात डिश हलते आणि सिग्नल जातो. पुढच्या किंवा बाजूच्या पक्क्या भिंतीवर लोखंडी ब्रॅकेट मारून घ्या.

फ्री डिश जीसॅट-१५ उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्व. सोलापुरातून तो आग्नेयेला दिसतो, क्षितिजापासून साधारण ६१ अंश वर. इतक्या उंचीवर असल्याने शेजाऱ्यांची दोन मजली भिंत अगदी लागून नसेल तर आड येणार नाही. डिश मात्र दिसायला तेवढी वर बघत नाही, कारण या डिशचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. फिटरने बरोबर लावलीय का हे डिशच्या कलावरून नाही, डब्याच्या सिग्नल पट्टीवरून ठरवा, गुणवत्तेची पट्टी बघा, ताकदीची नाही.

डीटीएचचा उपग्रह वेगळ्या जागी आहे म्हणून दुसरी डिश लागणारच. दोन्ही डिशची आरजी-६ (डिशसाठीची जाड गोल) वायर अखंड आणा, मध्ये जोड नको, आणि डिशजवळ वायरीला एक खालचा झोळ ठेवा म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून एलएनबीत किंवा घरात उतरणार नाही. सप्टेंबरचा परतीचा पाऊस विजा घेऊन येतो. आभाळ दाटलं की, कडकडाट सुरू व्हायच्या आधीच, दोन्ही डब्यांच्या मागची डिशची वायर सोडवून ठेवायची, त्या वेळचं रेकॉर्डिंग जाऊ दे. तसंही जोराच्या पावसात या पट्ट्यातला सिग्नल तुटतोच.

फिटर येईल तेव्हा तुम्ही घरी असा. जायच्या आधी त्याच्यासमोर सहाही पैशाच्या वाहिन्या एकेक लावून बघा, आणि सह्याद्री व डीडी स्पोर्ट्स दुसऱ्या डब्यावर.